पर्सेंटाइलला टक्के म्हणू नका, एवढीच विनंती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या दुकानात रोज येतो, मी वाचायच्या आधी चार गिऱ्हाईकं वाचून जातात, म्हणून हे पत्र. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर आपल्या भागातल्या मुलामुलींचे फोटो होते आणि खाली "९८.४ टक्के गुण", "९७ टक्के गुण" असं छापलेलं. ते टक्के नव्हते हो. पर्सेंटाइल होतं. तुम्ही म्हणाल एका शब्दानं काय बिघडतं. तर काय बिघडतं ते मी रोज काउंटरच्या अलीकडं बसून बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, छापताना कापलं तरी चालेल.

मी विट्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स होतं, त्याचा नोकरीला उपयोग झाला नाही पण ॲडमिशनच्या सीझनला कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेशाचे, कॉलेज पसंतीचे ऑप्शन फॉर्म भरताना रोज होतो. त्या दिवशी दहाच्या सुमाराला एक आप्पा पोरीला घेऊन आले, हातात तुमचाच पेपर, आणि पोरगी रडून डोळे लाल केलेली. तिला ६२ पर्सेंटाइल. आप्पांचं म्हणणं, "बारावीला ८१ टक्के आणि हितं बासष्ट टक्क्यावर आली, वीस टक्के कुठं घालवले विचारा हिला." मी म्हटलं आप्पा, घालवले नाहीत, हा आकडाच वेगळा आहे. बारावीचे ८१ म्हणजे शंभरातले ८१ मार्क. सीईटीचे ६२ म्हणजे शंभर पोरं रांगेत उभी केली तर हिच्या मागं बासष्ट आहेत. मार्क किती पडले ते ह्या आकड्यात नाहीच. दोनशेपैकी शंभर मार्क पडलेल्या पोरांचं पर्सेंटाइल ऐंशीच्या पुढं गेलेलं मी बघितलंय, म्हणजे निम्मे मार्क आणि तरी शंभरातल्या ऐंशी पोरांच्या पुढं. आप्पा गप्प झाले, मग म्हणाले, "मग पेपरात टक्के का लिहिलंय?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्याकडं असलं तर बघा.

आता ह्यात शाळेची पण थोडी चूक आहे, कारण हे शिकवतात पण कुणाला कळत नाही की हेच ते. अकरावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'विभाजन मूल्ये' नावाचा धडा आहे, चतुर्थक, दशमक, शतमक. शतमक म्हणजेच पर्सेंटाइल. पण सायन्सची पोरं अर्थशास्त्र घेत नाहीत आणि अर्थशास्त्राची पोरं इंजिनिअरिंगची सीईटी देत नाहीत, त्यामुळं ज्याला गरज त्याला धडा नाही आणि ज्याला धडा त्याला गरज नाही. बरं त्या धड्यात प्रश्न उलटा असतो. तिथं विचारतात की १९ मुलांचे मार्क चढत्या क्रमानं लावले तर ८० वा शतमक किती. सूत्र सोपं, १९ मध्ये १ मिळवा, ८० नं गुणा, १०० नं भागा, १६ आले, म्हणजे सोळाव्या मुलाचे जे मार्क ते उत्तर. समजा ३८. म्हणजे तिथला शतमक हा मार्कांचा आकडा आहे, ३८ मार्क. परीक्षेत बरोब्बर उलटं चालतं, ३८ मार्क पडलेत तर रांगेत कुठं उभा आहेस ते सांग. ह्याला खरं नाव पर्सेंटाइल रँक. सीईटीवाले, जेईईवाले, आपण सगळेच रँक शब्द गिळून टाकतो आणि नुसतं पर्सेंटाइल म्हणतो, चालतं, पण गोंधळाचं मूळ तिथंच आहे.

आणि गंमत बघा, त्या सोळाव्या मुलाचा परीक्षेच्या पद्धतीनं हिशोब केला तर १९ पैकी १६ जण त्याच्याएवढे किंवा त्याच्यापेक्षा कमी, म्हणजे ८४.२ येतात, ८० नाही. दोन्ही बरोबर आहेत, फक्त मोजायची रीत वेगळी. पोरं थोडी असली की हा फरक डोळ्यात भरतो, लाखात असली की कुणाला दिसत पण नाही.

रीत वेगळी म्हणजे काय ते सांगतो कारण इथंच भांडणं होतात. माझ्या मेहुण्याच्या क्लासमध्ये वीस पोरांची टेस्ट झाली. नऊ जणांना ३१ पेक्षा कमी, पाच जणांना ३१, सहा जणांना जास्त. आता ३१ वाल्याचं पर्सेंटाइल किती? "माझ्यापेक्षा कमी किती" असं विचारलं तर वीसात नऊ, ४५. "माझ्याएवढे धरून कमी किती" विचारलं तर वीसात चौदा, ७०. आणि तिसरी रीत, बरोबरीतले निम्मे मागं धरायचे, नऊ आणि अडीच साडेअकरा, ५७.५. एकच पोरगं, एकच मार्क, तीन उत्तरं. जेईई मेन घेणाऱ्या एनटीएची रीत दुसरी आहे, तेवढेच किंवा कमी मार्क असलेले सगळे धरायचे, त्या शिफ्टला, म्हणजे त्या वेळच्या पेपरला, बसलेल्या एकूण पोरांनी भागायचं, शंभरनं गुणायचं. त्यामुळं शिफ्टमध्ये जो पहिला त्याला शंभर मिळतातच, त्याला तीनशेपैकी तीनशे पडलेले असोत नाहीतर दोनशे नव्वद. स्वतःला पण त्यात मोजलंय ना. आणि सगळ्यात शेवटच्याला पण शून्य मिळत नाही, वीस हजारांची शिफ्ट असली तर त्याच्या वाट्याला ०.००५ येतात, तो स्वतःच्या पुढं नाही पण स्वतःएवढा तर आहे! म्हणून "१०० पर्सेंटाइल" ला तुम्ही "शंभर टक्के गुण" किंवा "पैकीच्या पैकी" लिहिता ते तर अजिबातच लिहू नका.

आता शिफ्ट. ह्यावर आमच्या दुकानात चहाच्या चार-पाच फेऱ्या तरी जातात. दोन मैत्रिणी आलेल्या, एकीनं उत्तरं ताडून बघितली तर १३० मार्क, दुसरीचे १२२, आणि पर्सेंटाइल १२२ वालीचं जास्त. १३० वालीची आई म्हणाली घोटाळा आहे. ताई, घोटाळा नाही. परीक्षा एका दिवशी एका वेळी होत नाही, लाखो पोरं, कॉम्प्युटर तेवढे नाहीत, मग कित्येक दिवस सकाळ-दुपार परीक्षा चालते आणि प्रत्येक वेळी पेपर वेगळा. कुणाला गणित सोपं आलं, कुणाच्या नाकात दम आला. मार्क बघितले तर अवघड पेपरवाल्यावर अन्याय. म्हणून ज्याची त्याची रांग ज्याच्या त्याच्या शिफ्टमध्येच लावतात आणि मग त्या रांगेतल्या जागा एकमेकींशी जोडतात. १२२ वालीच्या शिफ्टला पेपर अवघड असणार, तिथं १२२ म्हणजे पुष्कळ पुढं.

ह्यात एक गोष्ट मात्र धरून चाललेली असते, की प्रत्येक शिफ्टमध्ये हुशार-मध्यम-कच्ची पोरं साधारण सारख्याच प्रमाणात आहेत. पोरं कुठल्या शिफ्टला जाणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं आणि शिफ्टमध्ये हजारोंनी पोरं असली तर हे बऱ्यापैकी खरं ठरतं. पण शिफ्ट लहान असली, किंवा काही कारणानं फेरपरीक्षा घ्यायला लागली आणि त्याला ठराविकच पोरं बसली, तर मग तिथं शंका घ्यायला जागा आहे. पालकांनी जाब विचारायचाच असेल तर हा विचारावा, की कुठल्या शिफ्टला किती बसले होते. "मार्क जास्त आणि पर्सेंटाइल कमी कसं" हा नाही.

दुसरा किस्सा तर भारीच. एक गृहस्थ स्कोअरकार्ड घेऊन आले, भौतिक ९१, रसायन ९०, गणित ९२, आणि एकूण ९३.३. त्यांनी खिशातनं कॅल्क्युलेटर काढला, तिन्हीची बेरीज भागिले तीन, ९१. म्हणाले, "दादा, दोन जास्त दिलेत, आत्ताच दुरुस्त करून घेऊ का, नाहीतर ॲडमिशन झाल्यावर काढून घेतील." इतका प्रामाणिक माणूस मी सीझनमध्ये दुसरा बघितला नाही. त्यांना सांगितलं की पर्सेंटाइलची सरासरी काढायचीच नसते. एकूणचं पर्सेंटाइल विषयांच्या पर्सेंटाइलवरून निघतच नाही, तिन्ही विषयांचे मार्क आधी एकत्र करतात आणि त्या बेरजेची नवी रांग लावतात. त्यांना नाही पटलं. मग शाळेच्या स्पोर्ट्सवर आणलं. शंभर पोरं, तीन खेळ, धावणं, लांब उडी, गोळाफेक. एक पोरगं तिन्हीत दहावं आलं. आता धावण्यात त्याच्या पुढं जे नऊ होते तेच नऊ गोळाफेकीत पण पुढं असतील का? नसतील. पळणारं वेगळं, गोळा फेकणारं दांडगं वेगळं. तिन्ही मिळून गुण धरले तर हे दहावं-दहावं-दहावं पोरगं पाचवं-सहावं येऊ शकतं, कारण सगळीकडं बऱ्यापैकी असणारी पोरं कमी असतात. खालच्या बाजूला हेच उलटं होतं बरं का, तिन्ही विषयात २० असलेल्याचं एकूण बऱ्याचदा २० पेक्षाही खाली जातं, आणि ते पालक पण येतात, ते मात्र इतके शांत नसतात.

वजाबाकीचं पण तसंच. "फक्त एक पर्सेंटाइलनं कॉलेज हुकलं" हे वाक्य तुमच्या पेपरात दरवर्षी असतं. फक्त एक? भौतिक-रसायन-गणिताच्या ग्रुपला तीन लाख पोरं बसली असं धरलं तर एक पर्सेंटाइल म्हणजे तीन हजार पोरं. ९९ आणि ९८ च्या मधे तीन हजार जण उभे आहेत. म्हणून तर ९९ पडूनही ओपनमधनं पुण्याच्या सीओईपी कॉलेजला कॉम्प्युटर लागत नाही, तिथलं सगळं युद्ध ९९ च्या पुढच्या दशांशात असतं आणि म्हणून तो आकडा पॉइंटनंतर सात घरं छापतात. लोक हसतात त्या सात घरांना. मी पण हसायचो, मग लक्षात आलं की तीन लाखात एक पोरगं म्हणजेच ०.०००३३, दोनच घरं छापली असती तर एकाच आकड्यावर तीस-तीस जण आले असते. एवढं करूनही दोघं सारखे आले तर मग आधी गणिताचं पर्सेंटाइल बघतात.

बरं, सगळ्याच एक पर्सेंटाइलला सारखी किंमत नसते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच कुणी सांगत नाही. पोरं मधे गर्दी करून असतात, टोकाला विरळ, आपल्या जत्रेसारखं, देवळापाशी खांद्याला खांदा आणि पाळण्याच्या पलीकडं मोकळं रान. धरून चाला की दोनशेच्या पेपरात सरासरी ७०, प्रमाण विचलन (मार्क सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत त्याचं माप) २०, आणि आलेख पुस्तकातल्यासारखा घंटेच्या आकाराचा. ७० मार्काला ५० पर्सेंटाइल. चारच मार्क वाढले, ७४ झाले, की जवळजवळ ५८. चार मार्कात आठ पर्सेंटाइल! आणि वर? ९९ ला साधारण ११६-११७ मार्क लागतात, ९९.९ ला १३२ च्या आसपास. पंधरा मार्क जास्त मिळवले तरी एक पर्सेंटाइलसुद्धा नाही, नुसता शून्य पॉइंट नऊ वाढला. (हा माझा हिशोबाचा आलेख, खऱ्या परीक्षेत वरची पोरं अजूनच लांबवर पसरलेली असतात.) म्हणून ५० वरनं ५८ वर आलेल्या पोराला क्लासवाले "आठची झेप" म्हणून बॅनरवर लावतात तेव्हा मला हसू येतं, दोन प्रश्नांची गोष्ट आहे, गणितातला एक प्रश्न दोन मार्काला असतो.

आता संपादकसाहेब, खास तुमच्यासाठी. दरवर्षी बातमी असते, "पेपर सोपा गेल्याने कटऑफ वाढला." मार्कांच्या कटऑफला हे खरं. पर्सेंटाइलच्या कटऑफला हे लागू पडत नाही. पेपर सोपा असला तर सगळ्यांचेच मार्क वाढतात, रांग तशीच राहते. आयआयटीच्या जेईई ॲडव्हान्स्डला बसायला जेईई मेनमधला ओपनचा कटऑफ २०२३ ला ९०.७७८८६४२ होता, २०२४ ला ९३.२३६२१८१ झाला. अडीच टक्के, चुकलो, अडीच पर्सेंटाइल वाढला (बघा माझ्याही हातून होतं). कारण काय? ॲडव्हान्स्डला घ्यायची पोरं ठरलेली, सगळ्या वर्गांची मिळून अडीच लाख. मेनला बसलेली पोरं २०२३ ला साधारण ११ लाख १३ हजार होती, २०२४ ला १४ लाख १५ हजार. आत घ्यायची तेवढीच आणि रांग लांब झाली, मग आत घेतलेल्यांची टक्केवारी कमी होणार आणि कटऑफ वर सरकणार. पेपर सोपा की अवघड ह्याचा त्यात संबंधच नाही.

आमच्या फॉर्म भरण्यात ह्याचा फार मोठा फटका बसतो. पालक गेल्या वर्षीची कटऑफची पीडीएफ घेऊन येतात, "ह्या कॉलेजला गेल्या साली ९८ ला लागलं, माझ्या पोराला ९८.२ आहेत, पहिला ऑप्शन हाच टाका, खाली बाकीचे कशाला भरायचे." अहो, गेल्या वर्षी तीन लाख बसले असते तर ९८ म्हणजे सहा हजाराच्या आसपासचा मेरिट नंबर. यंदा चार लाख बसले तर तोच सहा हजारावा पोरगा ९८.५ वर असतो. यंदाचे ९८.२ म्हणजे सात हजार दोनशेच्या पुढं-मागं. आकडा वाढला आणि जागा मागं गेली. म्हणून त्या यादीत पर्सेंटाइलच्या शेजारी जो मेरिट नंबर छापलेला असतो तो बघा असं मी घसा फोडून सांगतो. तो पण अगदी तंतोतंत लागू पडत नाही, जागा वाढतात, नवीन कॉलेजं येतात, सगळ्यांना एकाच वर्षी एआय-डेटा सायन्स पाहिजे असतं, पण पर्सेंटाइलपेक्षा बरा. गेल्या वर्षी एकानं ऐकलं नाही, दोनच ऑप्शन भरले, पहिल्या राऊंडला काहीच लागलं नाही. मग आला परत, शांतपणे चाळीस भरले.

हा गोंधळ फक्त सीईटीचा नाही. माझी भाची सव्वा वर्षाची, डॉक्टरांनी फाइलवर वजनापुढं १५ वं पर्सेंटाइल लिहिलं आणि आमच्या आक्कानं घरी येऊन जेवण सोडलं, पोरीची वाढ पंधराच टक्के झाली म्हणून. आक्काला सांगितलं की तिच्या वयाच्या शंभर निरोगी पोरी वजनाप्रमाणं ओळीनं उभ्या केल्या तर कमी वजनाकडनं आपली पंधरावीच्या आसपास, पंधरावी पण निरोगीच. लहान मुलांचा तो तक्ता जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ ला काढला, ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली मुलं मोजून, आणि त्यात ३ पासून ९७ पर्यंतच्या रेषा काढलेल्या असतात. डॉक्टर एका आकड्याकडं बघत नाहीत, पोर आपल्या रेषेच्या आसपास चाललंय का ते बघतात. पंधरावरचं पोर पंधरावरच राहिलं तर ठीक, साठवरचं घसरत पंधरावर आलं तर मात्र ते विचारतात काय खातं, आजारी होतं का. परीक्षेतला आणि ह्यातला एक फरक आक्काला नाही पण तुम्हाला सांगतो, ह्या तक्त्यातली रांग ठरलेली आहे, २००६ पासून तीच पोरं उभी आहेत. सीईटीची रांग दरवर्षी नवी लागते. म्हणून ह्या वर्षीच्या वजनाचं पर्सेंटाइल मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवता येतं, सीईटीचं तसं ठेवताना दहा वेळा विचार करायला लागतो.

तर मागणी अशी की पुढच्या निकालाच्या बातमीत टक्के आणि गुण हे शब्द काढून पर्सेंटाइल लिहा. शतमक लिहिलंत तर उत्तमच, पण मग गिऱ्हाईकं मला शतमक म्हणजे काय विचारत बसतील, राहू दे. जमलं तर फोटोखाली मेरिट नंबर पण छापा. आणि ज्या पोरीचा फोटो तुम्ही छापणार नाही त्या बासष्टवालीला सांगलीच्या बाजूला एक कॉलेज बघून दिलंय, इलेक्ट्रिकल, आप्पांनी होय म्हटलंय, दुसऱ्या राऊंडचं अलॉटमेंट उद्या लागणार आहे. लाइट गेलीय, इन्व्हर्टरवर चाललंय आणि बाहेर सहा जण उभे आहेत, तेव्हा इथंच थांबतो.

आपला रोजचा वाचक,
एक झेरॉक्सवाला, विटा, जि. सांगली